नऊवारी आणि मागची सीट

सिन्नर,
९ जुलै १९९७

चि. सौ. मनीषास,
छायाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

ज्ञानेश परवा इथल्या नर्सरीत शेवंतीची रोपं बघायला आला होता. चहाला घरी डोकावला. माझा भाऊ असून पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला आणि निघताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणतो कसा, की मनीषानं स्कूटी घेतली. एवढी मोठी बातमी अशी उंबऱ्यात सांगायची असते का? आणि तुला गं, नणंदेला एक ओळ लिहायला हात दुखत होता?

तुझ्या दाजींना सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, बिनगिअरची ती गाडी म्हणजे शिवणाच्या मशीनला चाकं लावलेली, ट्रक शेजारून गेला की वाऱ्यानंच आडवी होईल. त्यांचं सोड, त्यांना स्वतःच्या सायकलीशिवाय सगळीच वाहनं नाजूक वाटतात. पण मला खरंच धास्ती वाटते. हिरावाडीतून अंबडच्या कंपनीत रोज जायचं म्हणजे अख्खं नाशिक आडवं कापायचं. मालेगाव स्टँडचा तो उतार आठवला तरी मी डोळे मिटून घेते. गाडी हळू चालव, आणि ओढणी नीट खोचत जा.

आता खरं दुखणं सांगते. आईला रोज बाजारात सोडणाऱ्या सोमानं रिक्षा शाळेच्या मुलांना लावली, असं ज्ञानेश म्हणाला. मग आई फूलबाजारात जाते कशी? सिटी बसचा कंडक्टर भरली पाटी चढवू देत नाही, ज्ञानेशला पहाटे मळा सोडून हलता येत नाही, आणि तिचे गुडघे तर तुझ्यामाझ्या लग्नाआधीपासून कुरकुरतायत. मनीषा, तिला माझ्याकडे पाठव. मे महिन्यात आमची ललिता लग्न होऊन सासरी गेली, तेव्हापासून पुढची खोली रिकामीच आहे. आई म्हणेल, जागा जाईल, जागा जाईल. सराफ बाजारातली ती पोत्याएवढी जागा! इतकी वर्षं बसली, पुरे झालं. तिला आता आराम पाहिजे.

विचार करून लिही. आमचं प्रेम पोस्टानं येतंय, पोचपावती धाडावी.

तुझी,
छायाताई


नाशिक,
२० जुलै १९९७

ती. सौ. छायाताईंस,
मनीषाचा कान धरून सा. न. वि. वि.

ताई, रागावू नका. गाडी घेतली तेव्हा ती मला चालवता येईल की नाही याचीच खात्री नव्हती. म्हटलं, आधी जमू दे, मग तोऱ्यात कळवू. यांनी तपोवनातल्या मोकळ्या मैदानावर शिकवली. हे मागून कॅरिअर धरून धावायचे आणि मी दोन्ही ब्रेक एकदम दाबायची, की हे येऊन माझ्या पाठीवर आदळायचे. शेवटी म्हणाले, की तू पडलीस तरी चालेल, पण माझे दात राहू देत. त्या दिवशी त्यांनी कॅरिअर सोडून दिलं आणि गाडी आपोआप सरळ गेली.

गाडी लाल आहे. पुढे पाय ठेवायला फळी आहे, तिच्यावर फुलांची पाटी अगदी मापात बसते. पेट्रोलमध्ये ऑईल घालावं लागतं, नाही घातलं तर ती खोकते, जास्त घातलं तर आमच्यामागे धूर. सकाळी गारठ्यात बटणानं सुरू होत नाही, मग किक मारायची. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायला मी शिकले आहे. परवा अंबडच्या अलीकडे पेट्रोल संपलं, तर गाडी एका कुशीवर कलती केली, तळातलं थेंबभर पुढे आलं आणि पंपापर्यंत पोचले. आमच्या लाईनवरच्या बायकांना हे सांगितलं तर आता सगळ्या मला मिस्त्री म्हणतात.

पण ताई, काय सुख आहे म्हणून सांगू! आधी निमाणीला बस, सीबीएसला दुसरी बस, आणि तरी सायरन वाजून गेलेला. सुपरवायझरनं स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा उशीर झाला तर कायम करायचं नाव काढू नका. आता मी सायरनच्या आधी पोचून कँटीनला चहा पिते. माझ्या वेळेला मी निघते, कुणाची वाट बघत नाही. यांच्यासमोर हे बोलत नाही, पण रोज शालिमारला सिग्नलला उभी राहिले, की मला स्वतःचं कौतुक वाटतं.

आता आईंचं. तुम्ही विचारलंत ना, की त्या जातात कशा? माझ्या मागे बसून!

खरंच सांगते. सोमानं नाही म्हटल्यावर त्या दोन दिवस नुसत्या धुमसत होत्या. तुम्ही म्हणता पोत्याएवढी जागा, पण तिथं कागद नाही की पत्र नाही. ज्याचं पोतं रोज पडतं त्याची ती जागा. थोडे दिवस पडलं नाही, की कुणी तरी क्रेट आणून ठेवतं, मग भांडून उपयोग नसतो. म्हणून मी म्हटलं, आई, मी सोडते आणि तशीच अंबडला जाते. आधी म्हणाल्या, की सुनेच्या पाठी बसून बाजारात जाऊ, लोक काय म्हणतील. मग म्हणाल्या, की जागा गेल्यावर लोक काही आणून देणार नाहीत.

पहिल्या दिवशी गाडीजवळ आल्या, सीटला हात लावून कपाळाला लावला आणि एका अंगाला बसल्या. पुढे झेंडूची ओली पाटी, आईंच्या मांडीवर ॲस्टरचं गाठोडं. पाटाच्या वळणाला सगळा भार एकीकडे आला आणि गाडी, मी, आई आणि फुलं, सगळे हळूच गवतात निजलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आईंनी आधी फुलं गोळा केली, मग गाडीला एक शिवी दिली, मग मला विचारलं, की पुरुष मागे कसे बसतात. मी सांगितलं, दोन्हीकडे पाय टाकून. तर म्हणाल्या, की मग नऊवारीला काष्टा कशाला असतो? पदर खोचला आणि बसल्या की दोन्हीकडे पाय टाकून. ताई, त्यानंतर गाडी जी सरळ चालली! पाचवारीवाल्यांना हे सुख नाही.

सराफ बाजारात कलाबाईंनी आईंना उतरताना बघितलं आणि तोंडावर हात ठेवला तो काढेचनात. त्यांच्या शेजारी आई इतकी वर्षं बसतात, पण असं कधी पाहिलं नव्हतं. आई मात्र गाव जिंकल्यासारख्या उतरल्या आणि मग खाली बघतात तो काय, पायात चपला नाहीत. पाया पडलेल्या गाडीवर चपला घालून कसं बसायचं, म्हणून दारातच काढून ठेवल्या होत्या! दिवसभर अनवाणी बसल्या. किती समजावलं, ऐकत नाहीत. आता मी रोज त्यांच्या चपला डिकीत टाकून नेते आणि सराफ बाजारात पायाशी ठेवते. दुपारी रिकामी पाटी घेऊन त्या बसनं परत येतात, रिकाम्या पाटीला कंडक्टर काही म्हणत नाही.

तेव्हा ताई, आईंना सिन्नरला पाठवायचं इतक्यात मनात आणू नका. त्या इथं खूष आहेत.

दाजींना नमस्कार. शिवणाच्या मशीनबद्दल त्यांच्याशी समोरासमोर बोलेन. तुमची माया अशीच रागावत राहो.

आपली,
मनीषा


सिन्नर,
४ ऑगस्ट १९९७

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद. आज पत्र छोटंच आहे, दळण आणायचं आहे.

तुझं पत्र मी तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. गवतात निजल्यापर्यंत आलो आणि त्यांना ठसका लागला. माझ्या वरातीत बैलगाडीवर चढायला लाजली होती ती बाई! आता म्हणे काष्टा खोचून. नाशिकच्या पाण्यात काय घालतात ते तरी कळव.

हसून झालं आणि मग मला उगीच रडू आलं. का ते मला विचारू नकोस, मलाच नीट माहीत नाही. श्रावण लागतोय, फुलांना उठाव येईल, आईला दम खाऊ देत जा. दसऱ्यापर्यंत मी सिन्नरचं नाव काढत नाही. पण तिच्या केसाला जरी धक्का लागला ना, तर मी येऊन तिला उचलून आणणार. हे आत्ताच सांगून ठेवते.

या घरातून त्या घराला भरपूर माया.

तुझी,
छायाताई


नाशिक,
१६ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. छायाताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा आधी एक वाक्य वाचा. आई सुखरूप आहेत, त्यांना काहीही झालेलं नाही. जे झालं ते मला झालं, आणि तेही थोडक्यावर निभावलं.

गाडी आली तेव्हापासून आई तिला रोज हार घालतात हे तुम्हाला लिहायचं राहिलं होतं. उरल्यासुरल्या फुलांचा, हँडलला अडकवायचा छोटासा हार. सिग्नलला लोक बघायचे. मी कंपनीत गाडी लावली की वॉचमन विचारायचा, आज काय विशेष? मी सांगायची, काही नाही, माझी सासू विशेष आहे.

दसऱ्याला सगळ्या गावाच्या गाड्यांना आपले हार गेले. आई आदल्या दिवशी रात्रीपर्यंत बाजारात बसून होत्या. मग आपल्या गाडीचा हार साधासुधा कसा चालेल? झेंडू, मध्ये शेवंती, आंब्याची पानं, असा मनगटाएवढा जाड हार केला. तो दिवसभर वाऱ्यावर टिकावा म्हणून सुती दोरा न घेता नायलॉनचा घेतला. आम्हाला सुट्टी नव्हती, कंपनीत पूजा होती. आईंना बाजारात सोडलं आणि नव्या साडीत निघाले. मायको सर्कलच्या अलीकडे हार खाली सरकला, दोरा पुढच्या चाकात गेला आणि आसाला गुंडाळला. चाक जागच्या जागी थांबलं, मी पुढे. सुती असता तर तुटून गेला असता. एक रिक्षावाला आणि एक भाजीवाली बाई धावत आले, त्यांनी उठवलं. डाव्या मनगटाचं हाड चिरलंय, प्लास्टर घातलंय. कोपर सोलवटलंय, साडी फाटली. कंपनीनं रजा दिली, नोकरीला काही धोका नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. हे गाडी घरी घेऊन आले, तेव्हा पुढच्या चाकात पिवळी फुलं तशीच अडकलेली होती. आई ओट्यावर बसल्या होत्या. उठून आल्या, चाकापाशी बसल्या आणि एक एक फूल बोटानं काढत राहिल्या. त्या दिवसापासून त्या फूलबाजारात गेलेल्या नाहीत, सुईदोरा हातात धरलेला नाही. हे म्हणाले, की मी सोडतो स्कूटीवर, तर मान हलवतात. रिक्षा करून देतो म्हटलं तरी नाही. मी सांगून थकले, की आई, चूक दोऱ्याची आहे. त्या माझ्या प्लास्टरकडे बघतात आणि उठून गोठ्यात जातात.

कलाबाईंनी निरोप पाठवलाय, की त्या स्वतःची रिकामी पाटी आईंच्या जागेवर ठेवतायत, पण असं किती दिवस चालणार. एकदोघांनी विचारायला सुरुवात केली आहे. दिवाळीपर्यंत आई गेल्या नाहीत तर ती जागा राहत नाही.

तुम्ही चार शब्द लिहा ना. तुमचं त्या ऐकतील. पत्र मी वाचून दाखवेन.

तुमच्या मायेची आज जरा जास्त गरज आहे.

आपली,
मनीषा


सिन्नर,
६ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

मनगट कसं आहे? प्लास्टर कधी काढणार? जड उचलू नकोस, ज्ञानेशला कणीक मळायला लाव, त्याला येते, लहानपणी मी शिकवली आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा ललिताच्या दिवाळसणाची गडबड होती, जावई यायचे होते, म्हणून मला उठून येता आलं नाही. चार शब्द लिहायला बसायची आणि फाडायची. भाऊबीजेला ज्ञानेश आला, त्याला ओवाळताना मी विचारलं, की आई गेली का बाजारात? तो म्हणाला, नाही, एक दिवसही नाही. मनीषा, दिवाळीत आई फूलबाजारात नाही, असं मी जन्मात ऐकलेलं नाही. ज्ञानेशच्या वेळेला दिवस भरत आले होते तरी ती लक्ष्मीपूजनाला पाटीपाशी होती. आता दिवाळीही गेली.

तेव्हा आता मी ठरवलंय. कार्तिकी पौर्णिमा झाली, की मी येते आणि तिला घेऊन येते. तू मध्ये पडू नकोस. तुझा काही दोष नाही, तू तिला डोळ्यांत तेल घालून जपलंस, मला माहीत आहे. पण तिथं बसून ती रोज ती गाडी बघणार आणि रोज तिचं मन तिला खाणार. इथं आली की विसरेल. जागा गेली तर गेली. माणूस राहिलं पाहिजे.

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

ललिता परवा गेली. जाताना तिनं मला नमस्कार केला आणि मी तिला म्हटलं, जा बाई सुखानं. दार लावून आत आले आणि काय करावं तेच सुचेना. तुझे दाजी शिफ्टला गेले की मी दोन्ही खोल्या झाडते, मग परत झाडते. काल चुकून तिसरं ताट घेतलं गेलं. मी तुला आईचे गुडघे, आईचा आराम असं सगळं लिहीत आले. ते खोटं नव्हतं, पण मला आई पाहिजे गं. तू तिला मागे बसवून रोज बाजारात नेतेस, ती तुझ्या गाडीला हार घालते, हे वाचलं आणि मला तुझा हेवा वाटला. माझी आई असून मला तिची हकिकत पत्रात वाचावी लागते. झालं, लिहून टाकलं.

राग मानू नकोस. तुझ्यावरची माया जागच्या जागी आहे.

तुझी,
छायाताई


नाशिक,
११ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. छायाताईंस,
सा. न. वि. वि.

ताई, तुम्ही वाचू नको लिहिलं होतंत ते मी आईंना वाचून दाखवलं. थांबता येईना. आईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, की शेवटचं पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

मीही एकदा सांगून टाकते. मला त्या जायला नको आहेत. कंपनीतून आल्यावर दारात त्या नसतील, तर ते घर मला माझं वाटणार नाही. पण तुमचं पत्र वाचल्यावर मला हे म्हणायचीही लाज वाटली. रात्री यांना म्हटलं, ताईंची आई आहे, आपण कोण अडवणार.

माझं प्लास्टर शनिवारी निघालं. आज सकाळी चहा ठेवत होते, तर पडवीतून हाक आली. बघते तो आई लुगडं नेसून, काष्टा घालून, स्टँडवर लावलेल्या गाडीवर मागच्या सीटवर बसलेल्या. मांडीवर निशिगंधाचं गाठोडं. म्हणाल्या, की चल. ताई, खरं सांगते, त्यांच्यापेक्षा मीच घाबरलेली होते. पडल्यापासून मी गाडीला हात लावला नव्हता. किल्ली हातात घेऊन मी पुढच्या चाकाकडे बघत उभी राहिले. त्या उतरल्या, खाली बसून पुढच्या चाकावरून हात फिरवला, कुठं काही अडकलेलं नाही ना ते पाहिलं, परत बसल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो सराफ बाजारापर्यंत काढला नाही. मालेगाव स्टँडच्या उताराला मी इतकी हळू चालवली, की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

कलाबाईंनी आईंना बघितलं, त्यांच्या जागेवरची आपली पाटी उचलली, पोतं झटकून दिलं. आणि मग महिनाभर का आली नाहीस म्हणून जे भांडायला लागल्या, ते मी अंबडला निघाले तरी चालूच होतं. आई भांडत होत्या म्हणजे बऱ्या आहेत.

आता पुढचं आई सांगतायत आणि मी लिहितेय. शब्द त्यांचे आहेत.

छाये, तुला आशीर्वाद. तू वाचू नको म्हनली आन मनीषानं वाचलं, बरं केलं. तुमी दोघी पावसाळ्यापास्नं लिवताय, म्हातारीला हिकडं ठिवायची का तिकडं न्यायची. मला कुनी इचारलं? मी काय पाटी हाय का, हिनं उचलायची आन तिनं उतरून ठिवायची? पोरी, तुला घर खायला उठलंय ते मला कळलं. ते तू मला सांगायचं, मनीषाला काय सांगती? तू न्यायला येऊ नको. मीच येती. मनीषाच्या सुट्टीला तिच्या गाडीवर येती. पिठलं भाकर कर, लय काय करू नको. बाकी तोंडानं.

ताई, मी सांगितलं, की स्कूटीला सिन्नर झेपायचं नाही, मोहदरीचा घाट आहे, आपण एसटीनं जाऊ. तर म्हणाल्या, की एसटीच्या मागं धावायला मला गुडघे नाहीत. यांनी प्लग बदलून दिलाय, ब्रेक आवळून दिलेत. तुम्ही दाराशी उभ्या राहू नका, उशीर होईल.

आम्ही येतोय, तोवर लोभाची ऊब राखून ठेवा.

आपली,
मनीषा


सिन्नर,
१९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. मनीषास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघी परत घरी पोचल्याचा ज्ञानेशचा फोन शेजारी आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता निवांत तुला झापते. घाटात गाडी तापून बसली हे इथं आल्यावर तू मला सांगितलंच नाहीस! आईनं सांगितलं, आणि मलाच नाही, आमच्या सगळ्या आळीला. तू रस्त्याच्या कडेला गाडीला वारा घालत बसलेली, आणि ही बाई कांद्याच्या ट्रॅक्टरला हात करून ट्रॉलीत चढली, कांद्यांवर बसून घाट चढून गेली आणि वर जाऊन तुझी वाट बघत राहिली. वर मला म्हणते, मनीषाची गाडी चांगली आहे, फक्त चढ तिला आवडत नाही. आमच्या शेजारणी अजून येऊन विचारतात, की आई पुन्हा कधी येणार.

तुझे दाजी तुझ्या गाडीला शिवणाचं मशीन म्हणाले होते ना, ते तुम्ही गेल्यावर टायरच्या खुणा बघत उभे होते.

आता तुला माहीत नाही ते लिहिते. जेवून तू आडवी झालीस आणि तुला डोळा लागला. आई मला म्हणाली, खोली दाखव. मी ललिताची खोली दाखवली. पलंग दाखवला, खिडकी दाखवली, उन्हात वाळवलेली गादी दाखवली. तिनं सगळीकडे हात लावून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली. मला वाटलं, आली, आता राहते. मग ती पलंगावर बसली आणि शांतपणे म्हणाली, की छाये, इथं आले तर मी म्हातारी होईन.

मला असा राग आला! मी म्हटलं, आणि मी? मी इथं बसून काय होतेय? तुला तुझं पोतं पाहिजे, तुझी कलाबाई पाहिजे, तुझी सून पाहिजे, मी कुणाला नको. काय काय बोलले मलाच आठवत नाही. ललिताच्या पाठवणीला जे अडवून धरलं होतं ते सगळं तिच्यासमोर बाहेर आलं. तिनं मला गप्प बस म्हटलं नाही. पदर पुढे केला, मी त्यात रडले. लहानपणी तिच्या पदराला येई तोच ओल्या पानांचा वास आला.

रडणं झाल्यावर तिनं विचारलं, शेवटचा हार कधी ओवलास? मी म्हटलं, लग्नाआधी. माझे हात घेतले, बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, की लग्नसराई सुरू झाली आहे, नवरानवरीच्या हारांना मला हात पुरत नाहीत. दर शुक्रवारी ये. माझ्या पोत्यावर दोघी मावतो. मी म्हटलं, माझ्या घरचं काय, लोक म्हणतील कारखान्यातल्या माणसाची बायको बाजारात बसली. तर म्हणाली, लोकांचं मी दोन्हीकडे पाय टाकून बसले त्या दिवशीच बघून घेतलंय.

संध्याकाळी तुझ्या दाजींना भीत भीत विचारलं. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, जा की, इथं तू एकच फरशी तीनदा पुसतेस. मनीषा, या माणसाला हे दिसत होतं आणि मला वाटत होतं, याचं लक्ष नसतं.

तेव्हा शुक्रवारी पहिल्या एसटीनं मी सीबीएसला उतरते. तुझी कंपनी चुकायला नको, म्हणून तू आधी आईला सोड आणि मग मला न्यायला ये. पुढं दर शुक्रवारी माझी मी चालत जाईन, पण पहिल्या दिवशी आईच्या पुढ्यात मला गाडीवरून उतरायचं आहे. मी पाचवारी नेसते, मला तिच्यासारखं बसता येणार नाही, एका अंगाला बसेन आणि तुझ्या कमरेला घट्ट धरीन. वळणावर आधी सांगत जा. मी ओरडले तर हसायचं नाही, आणि ज्ञानेशला तर मुळीच सांगायचं नाही.

आईला या वेळी नमस्कार कळवत नाही. तिच्या मांडीला मांडी लावून बसले, की मीच करीन. तुझ्यावर किती माया आहे ते शुक्रवारी तुझ्या पाठीमागून ओरडून सांगेन, तोवर एवढ्यावर भागव.

तुझी,
छायाताई